मस्टर सांभाळता सांभाळता

रायपूरच्या तेलीबांधा तळ्याला शहरातली तरुण मंडळी मरीन ड्राइव्ह म्हणतात. नावात तेली समाज आहे, आणि छत्तीसगढीत बांधा म्हणजे तळंच. काठावर फरसबंदी, उंच राष्ट्रध्वज, गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या गाड्या, आणि अगदी अंगाला लागून जीई रोड. हा जुना ग्रेट ईस्टर्न रोड, मुंबई-कोलकाता महामार्गाचा भाग. पश्चिमेला तो भिलाई, दुर्ग, राजनांदगाव करत नागपूरला जातो. तेलीबांध्याच्या आसपास त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारींची, दागिन्यांची, कपड्यांची, फर्निचरची मोठी दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, बिल्डरांची ऑफिसं आहेत.

धनतेरसच्या आधीचा महिना या रस्त्यावर गर्दीचा. पुढच्या दालनात गिऱ्हाइकं असतात तेव्हा मागच्या खोलीत एक टेबल चालू असतं, तिथे बोनसची यादी तयार होत असते. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर किमान 8.33 टक्के बोनस द्यावाच लागतो, कमाल 20 टक्के. हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो हातात पडायला हवा. मार्चअखेरचं वर्ष धरलं तर मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत जाते, आणि म्हणून आपल्याकडे बोनस म्हटलं की दिवाळी आठवते. 8.33 टक्के म्हणजे बाराव्या हिश्शाइतकी रक्कम, हिशेबाला धरलेल्या पगाराचा एक महिना. वर्षात किमान 30 दिवस काम केलेला प्रत्येक पात्र माणूस त्या यादीत हवा, मधेच सोडून गेलेलाही. कोण राहिला, कोणाचे दिवस चुकले, कोणाचं खातं बदललं, हे सगळं त्या टेबलावर पाहिलं जातं.

हे टेबल सांभाळणारी व्यक्ती रायपूरमध्ये, नागपूरमध्ये, कोल्हापूरमध्येही साधारण एकाच वाटेने तिथे आलेली असते. बीकॉम झालं, अकाउंट्समध्ये किंवा रिसेप्शनवर नोकरी लागली. अक्षर चांगलं, हिशेब चोख, म्हणून मस्टर तिच्याकडे आलं. मग पीएफचं पोर्टल आलं, ईएसआयसीची कार्डं आली, नव्या माणसांच्या मुलाखतींना बसायची वेळ आली. पाच-सात वर्षांत व्हिजिटिंग कार्डावर एचआर ही दोन अक्षरं छापली गेली. पद आधी आलं, शिक्षण मागे राहिलं. आणि मग पस्तिशीत, मूल चौथीत असताना, एक दिवस वाटतं की आता या कामाची पदवी घ्यावी.

हा लेख त्या निर्णयाविषयी आहे. नोकरी, घर आणि एमबीएचा अभ्यास एकाच वेळी ओढणाऱ्यांची संख्या आपल्या शहरांत मोठी आहे, पण त्यांच्याविषयी लिहिलं जातं ते जाहिरातींतून. या माणसांना त्याहून जास्त काही मिळायला हवं.

आधी हे पाहू की पदवीने नेमकं बदलतं काय. एक पगारपत्रक घेऊ. समजा, दुकानातल्या एका विक्रेत्याचा महिन्याचा पगार 20,800 रुपये आहे. त्यात मूळ पगार 8,000 आणि उरलेले 12,800 घरभाडं, प्रवास वगैरे भत्त्यांचे. पगाराचे असे तुकडे वर्षानुवर्षं केले गेले, कारण ग्रॅच्युइटीसारखी देणी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावरच मोजली जात. दहा वर्षं काम करून हा माणूस निघाला तर जुन्या पद्धतीने त्याची ग्रॅच्युइटी अशी: 8,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 10. उत्तर येतं सुमारे 46,154 रुपये.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. जुने 29 केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. वेतनाची व्याख्या बदलली: वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. आपल्या उदाहरणात निम्मे म्हणजे 10,400. भत्ते 12,800 आहेत, म्हणजे 2,400 जास्त. ते मूळ पगारात मिळवले की वेतन झालं 10,400. पुन्हा तोच हिशेब केला की ग्रॅच्युइटी येते बरोबर 60,000. एका माणसाच्या दहा वर्षांच्या नोकरीत 13,846 रुपयांचा फरक.

मस्टर सांभाळणाऱ्याला जुना हिशेब तोंडपाठ असतो. नवा त्याला सल्लागाराच्या मेलमधून कळतो, आणि तोही ‘असं करा’ एवढाच. असं का, ही व्याख्या कुठून आली, उद्या मालक म्हणाला की भत्ते दुसऱ्या नावाने दाखवू तर कायद्यात ते कुठे अडतं, हे सांगायला अभ्यास लागतो. नियोजन, भरती, प्रशिक्षण, मोबदला, औद्योगिक संबंध, संस्थेतले बदल असे विषय एचआरच्या अभ्यासक्रमात असतात. त्यातले काही पुस्तकी वाटतात. पण मोबदला आणि श्रम कायदा हे दोन विषय ज्याने मन लावून वाचले, त्याच्या टेबलावरून गेलेल्या कागदामुळे दुसऱ्या कोणाच्या तरी घरात 13,846 रुपये जातात किंवा जात नाहीत. या पदवीचं खरं मोल या रकमेत आहे. पदनाम आणि पगारवाढ त्यानंतर येतात.

छत्तीसगढपुरती आणखी एक गोष्ट. इथला दुकानांचा जुना कायदा 1958 चा होता, ज्याच्या परवान्याला सगळे गुमास्ता म्हणत. 13 फेब्रुवारी 2025 पासून त्याच्या जागी 2017 चा दुकान आणि आस्थापना कायदा लागू झाला. लागू झाला तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. दुकान आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास उघडं ठेवता येतं, पण प्रत्येक माणसाला साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते. स्त्रियांना रात्रपाळी देता येते, पण सुरक्षेच्या अटी पाळून. म्हणजे दुकानाला सुट्टी नाही आणि माणसाला आहे, आणि हा मेळ जमवण्याचं काम पाळीपत्रक लावणाऱ्यावर आलं.

मराठी वाचकाला इथे साप्ताहिक सुट्टीचा जुना लढा आठवावा. नारायण मेघाजी लोखंडे रेल्वे आणि टपाल खात्यांत नोकरी करून गिरणीत स्टोअरकीपर झाले होते. 1884 मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, ‘दीनबंधु’ चालवलं, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. स्टोअरकीपर म्हणजे हिशेबाचंच टेबल. त्या टेबलावरून त्यांना माणसं दिसली.

एचआर हा विषय परदेशी कंपन्यांनी आणला असं नव्या विद्यार्थ्याला वाटतं. आपल्याकडे त्याचं मूळ मुंबईच्या गिरण्यांत आहे. तिथे कामगार भरती करायचा तो मुकादम, म्हणजे जॉबर; बायकांच्या खात्यात नायकीण. कामावर घ्यायचं, काढायचं, बदलीला उभं करायचं, सगळं त्यांच्या हातात. कोकणातून, देशावरून आलेल्या माणसाला काम मिळवायला दस्तुरी द्यावी लागे, काम टिकवायलाही द्यावी लागे. 1929 साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने 1931 च्या अहवालात या व्यवस्थेवर बोट ठेवलं आणि सुचवलं की भरती मुकादमाच्या हातून काढून घ्या, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. आजच्या एचआर मॅनेजरचा पणजोबा हा लेबर ऑफिसर. त्याची नेमणूक लाच थांबवण्यासाठी झाली. बोनसचंही तसंच. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेला बोनस गिरणीमालकांनी बंद केला, तेव्हा जानेवारी 1924 मध्ये मुंबईत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. तो संप फसला. बोनसचा कायदा व्हायला 1965 उजाडलं.

या कामाचं शिक्षणही मुंबईच्या कामगारवस्तीतच सुरू झालं. 1936 मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं, क्लिफर्ड मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. हीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. 1947 मध्ये परळला कामगार शिक्षणाची सरकारी संस्था निघाली, तिला आज लोखंड्यांचं नाव आहे. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला आणि त्याची पात्रता राज्यांनी ठरवायची असं सांगितलं. नव्या संहितेत ही मर्यादा 250 वर आली आहे. ज्या कारखान्यांना आजवर असा अधिकारी ठेवावा लागत नव्हता, त्यांतल्या अनेकांना आता तो लागेल. रायपूरच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांत स्पाँज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिला आहेत. तिथे या बदलाचा अर्थ नोकऱ्या असा आहे.

पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत नोकरी सांभाळून हे शिक्षण घेण्याची रीत जुनी आहे. पुणे विद्यापीठाचं एमपीएम, म्हणजे मास्टर ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, आणि कामगार कायद्याची पदविका, जिला सगळे डीएलएल म्हणतात, या दोन नावांवर पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी टाइम ऑफिसवाल्यांची आयुष्यं वर सरकली. बँकांत तर ही पद्धत अधिकृत होती. 1928 मध्ये स्थापन झालेल्या बँकर्सच्या संस्थेची सीएआयआयबी परीक्षा पास झालं की वेतनवाढ मिळे. ‘बाबा सीएआयआयबीचा अभ्यास करताहेत, आवाज करू नका,’ हे वाक्य ज्या घरांत ऐकू आलं ती मराठी घरं थोडी नाहीत. आणि 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. चार वर्षं व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळून आलेल्या माणसाने घड्याळाचा विचार आधी केला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रौढ विद्यार्थ्याची पहिली अडचण बुद्धीची नसते, वेळेची असते.

रायपूरच्या मराठी घरांना ही रीत ठाऊक आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत या मुलखात आला, 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार केला. पुढे 1956 पर्यंत छत्तीसगढ हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा, नंतर जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता, त्यामुळे फायली नागपूरला जात आणि कारकून, मास्तर, वकील तिकडून इकडे येत. तात्यापारा या वस्तीचं नावच त्याची खूण सांगतं. 1935 मध्ये इथे महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. सरकारी नोकरीतल्या या घरांत खात्याची परीक्षा देणारा माणूस हे नेहमीचं दृश्य होतं. आता मुलं-सुना खासगी दुकानांत, रुग्णालयांत, कारखान्यांत आहेत. तिथे परीक्षा पास होऊन आपोआप वेतनवाढ मिळत नाही. अभ्यास तितकाच आहे, बक्षिसाची हमी गेली.

म्हणून कुठे शिकायचं हा प्रश्न आज जास्त जोखमीचा आहे. आणि या बाबतीत रायपूरइतका कडवट धडा दुसऱ्या कुठल्या शहराला मिळाला नसेल.

2002 मध्ये छत्तीसगढने खासगी विद्यापीठांचा एक कायदा केला. नुसत्या अधिसूचनेने विद्यापीठ स्थापन करता येईल अशी त्याची रचना होती. दोन-तीन वर्षांत शंभराहून अधिक विद्यापीठं निघाली. त्यातल्या अनेकांना इमारत नव्हती, परिसर नव्हता, शिक्षक नव्हते; फलक आणि एखादी खोली एवढंच होतं. पण पदव्या देण्याचा अधिकार होता, आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम होते. प्रा. यशपाल, ज्यांना आपण दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’मधून ओळखतो आणि जे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिले होते, ते याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 फेब्रुवारी 2005 रोजी निकाल लागला. कायद्याची कळीची कलमं घटनाबाह्य ठरली आणि ती सगळी विद्यापीठं एका दिवसात रद्द झाली. शिकत असलेल्यांचं नुकसान होऊ नये म्हणून खऱ्याखुऱ्या संस्था राज्याच्या विद्यापीठांना जोडून घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा आणि नियामक आयोग आणला.

वीस वर्षांचा विद्यार्थी अशा वेळी पुन्हा सुरुवात करू शकतो. पस्तिशीतल्या माणसाने रात्री जागून, सोसायटीचं कर्ज काढून, मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला न जाता मिळवलेली पदवी रद्दी ठरली, तर तो परत उभा राहणं अवघड. दूरशिक्षणातही हे घडलं. 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी पत्रव्यवहाराने दिलेल्या 2001 ते 2005 या काळातल्या अभियांत्रिकी पदव्या स्थगित केल्या. नोकरीत असलेल्या, त्या पदवीवर बढती घेतलेल्या माणसांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं.

आजची स्थिती बरीच सुधारली आहे, पण तपासणी विद्यार्थ्यानेच करायची आहे. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढं पुरत नाही. तो ठरावीक अभ्यासक्रम, त्या ठरावीक वर्षाच्या प्रवेशासाठी, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाने (इंग्रजीत डेब) परवानगी दिली आहे का, हे आयोगाच्या यादीत पाहायचं. प्रवेशाच्या आधी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. राज्य विद्यापीठांना आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाची केंद्रं चालवता येत नाहीत, त्यामुळे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ रायपूरच्या मराठी माणसासाठी शेजारच्या गल्लीत येऊ शकत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांना मात्र ही हद्द नाही. आणि शिकवणी कंपनीच्या जाहिरातीत विद्यापीठाचं नाव बारीक अक्षरांत असेल तर पैसे भरण्याआधी विद्यापीठाला विचारावं. पदवी विद्यापीठच देऊ शकतं, कंपनी देऊ शकत नाही. आयोगाने 2022 मध्ये असा इशाराही दिला होता. त्याच वर्षी आयोगाने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, म्हणून ‘ही पदवी चालत नाही’ असं कोणी म्हटलं तर दाखवायला आता कागद आहे.

रायपूरमध्ये पर्याय कोणते? पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ 1964 पासून आहे. बिलासपूरला 2005 पासून पं. सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ आहे. 2010 मध्ये आयआयएम आलं, ते नोकरदारांसाठीचा अभ्यासक्रमही चालवतं, पण त्याची फी लाखांत जाते. मधल्या उत्पन्नाच्या माणसासाठी सर्वांत हाताशी असलेली वाट इग्नूची आहे. 1985 मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं प्रादेशिक केंद्र रायपूरला आहे. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. राम ताकवले 1989 मध्ये नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि नंतर इग्नूचे. भौतिकशास्त्राचा हा प्राध्यापक आयुष्यभर सांगत राहिला की विद्यापीठाने माणसाच्या वेळापत्रकात बसायचं असतं. 2023 मध्ये ते गेले.

इग्नूचं मनुष्यबळ व्यवस्थापनाचं एमबीए 116 श्रेयांकांचं आहे. एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास, हे विद्यापीठाचंच मोजमाप. गुणाकार करा: 3,480 तास. किमान मुदत दोन वर्षं, त्या हिशेबाने रोज पावणेपाच तास. कमाल मुदत चार वर्षं, त्या हिशेबाने रोज दोन तास आणि वीस-पंचवीस मिनिटं, दिवाळी-होळी धरून.

हे आकडे प्रवेशअर्ज भरण्याआधी कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांसमोर ठेवायला हवेत. तेलीबांध्याच्या दुकानातून रात्री नऊला सुटणाऱ्या माणसाकडे पावणेपाच तास नाहीत. तरी बहुतेक जण दोन वर्षांत संपवायचं ठरवूनच सुरुवात करतात, पहिल्या सत्रात सात विषय अंगावर घेतात, दोन पेपर राहतात, मग आपण नालायक आहोत असं वाटायला लागतं. ती माणसं नालायक नाहीत, त्यांचा भागाकार चुकलेला असतो. नोकरी आणि संसार असलेल्याने पहिल्या दिवसापासून तीन ते चार वर्षांची तयारी ठेवावी आणि त्याची लाज बाळगू नये. चार वर्षांची सवलत नियमातच दिलेली आहे, ती अशाच माणसांसाठी.

वर्षाचं चक्रही पाहून घ्यावं. प्रवेश जानेवारी आणि जुलैचे, सत्रपरीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जून म्हणजे रायपूरचा उन्हाळा अजून सरलेला नसतो. डिसेंबरची परीक्षा तर दिवाळीच्या हंगामाला चिकटूनच येते: बोनस, जादा माणसांची भरती, सुट्ट्यांची अदलाबदल, आणि त्याच आठवड्यांत स्वाध्याय लिहून द्यायचे. अंतिम निकालात स्वाध्यायांचा वाटा 30 टक्के आणि लेखी परीक्षेचा 70. जे स्वाध्याय शेवटच्या दोन रात्रींत उतरवतात, ते परीक्षेत मार खातात, कारण या अभ्यासक्रमात स्वाध्याय हाच वर्ग आहे. नवरात्राच्या आधी ते हातावेगळे केले तर डिसेंबर सोपा जातो.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. पुस्तकं इंग्रजीत. दुकानातला व्यवहार हिंदीत. गोदामातली, कारखान्यातली माणसं छत्तीसगढी बोलतात. विद्यार्थी घरी मराठी बोलतो. ‘ग्रिव्हन्स’ हा शब्द पुस्तकात तीन पानं घेतो, आणि प्रत्यक्षात तो टेबलासमोर येऊन उभा राहतो तेव्हा माणूस एवढंच म्हणतो की या महिन्यात पैसे कमी आले. पंधरा वर्षांनी इंग्रजीत तीन तास उत्तरपत्रिका लिहिताना हात आणि वाक्य दोन्ही अडखळतात. यावर एकच उपाय दिसतो: धडा वाचायचा इंग्रजीत, समजून घ्यायचा मराठीत, आणि उत्तरात उदाहरण द्यायचं आपल्या टेबलावरचं. चार भाषांतून तीच गोष्ट सांगता येणं हे एचआरच्या कामात भांडवल आहे. ज्याला कॅम्पसमधून थेट नोकरी लागली, त्याच्याकडे ते क्वचित असतं.

प्रौढ विद्यार्थ्याकडे आणखीही काही असतं. विशाखा निकाल 1997 चा, लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा, दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, हे पुस्तकात आहे. पण नव्या मुलीने तक्रार लिहून दिली आणि ज्याच्याविरुद्ध आहे तो सर्वांत जास्त विक्री करणारा माणूस आहे, तेव्हा खोलीतली शांतता कशी असते, हे टेबलावर बसलेल्यालाच माहीत. मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली 2017 मध्ये. ती मागायला आलेली बाई नजर खाली का ठेवते, हेही त्यालाच माहीत. पदवी त्याला तिथे मागे उभा असलेला कायदा देते. मालकासमोर ‘मला वाटतं’ऐवजी ‘कलम असं आहे’ म्हणता येतं.

आणि छत्तीसगढच्या विद्यार्थ्याच्या पायाखाली तर इतिहासच आहे. राजनांदगावच्या बीएनसी मिलमध्ये 1920 साली ठाकूर प्यारेलाल सिंहांच्या नेतृत्वाखाली संप झाला, देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या संपांपैकी एक. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी राबणाऱ्या कंत्राटी मजुरांना शंकर गुहा नियोगींनी 1977 मध्ये संघटित केलं. त्या मजुरांनी 1983 मध्ये स्वतःचं शहीद हॉस्पिटल उभारलं. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगींना भिलाईत झोपेत गोळी घातली गेली. 1 जुलै 1992 रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, पंधराहून अधिक कामगार मेले. त्यांच्या मागण्यांत कामावरून काढलेल्यांना परत घेणं आणि जगण्यापुरतं वेतन या साध्या गोष्टी होत्या. ‘औद्योगिक संबंध’ हा पेपर देणाऱ्या भिलाई-रायपूरच्या विद्यार्थ्याने यशाची सूत्रं पाठ करण्याआधी हे वाचावं, त्या पिढीतली माणसं अजून आहेत, त्यांना विचारावं. कंत्राटी माणसाचं नाव कोणत्या मस्टरवर आहे, मुख्य की ठेकेदाराच्या, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही प्रत्येक शोरूमच्या सुरक्षारक्षकाच्या बाबतीत तोच आहे.

ही पदवी घ्यावी का? ज्याच्या हातात रोज दुसऱ्यांचे पगार आहेत, त्याने घ्यावी. चार वर्षं लागली तरी घ्यावी. पण यादी तपासून, तासांचा हिशेब करून, आणि घरातल्यांना विश्वासात घेऊन. मोठ्या पगाराच्या आशेवरच घेणार असेल तर थांबलेलं बरं, कारण त्याची हमी कुठलंच विद्यापीठ देऊ शकत नाही.

आणि एक विनंती दुकानदारांना, कारखानदारांना, दवाखाने चालवणाऱ्यांना. बँकांनी परीक्षा पास होणाऱ्याला वेतनवाढ दिली, त्यात बँकांचं नुकसान झालं नाही. तुमच्याकडे मस्टर सांभाळणारं कोणी शिकत असेल तर पदवीनंतर काय मिळेल ते आधी लिहून द्या, आणि निदान परीक्षेच्या दिवसांची रजा पगारी करा. इग्नूची हिवाळी परीक्षा साधारणपणे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. या दिवाळीच्या बोनसची यादी ज्यांनी केली, त्यांच्यातल्या कोणाचा तरी रजेचा अर्ज त्याच्या आधी तुमच्या टेबलावर येईल. त्यावर सही करा.